शिंगांवरचे काटे : डोमिनिकन कार्निवलचे मुखवटे आणि संशोधनाचा प्रश्न



आजचा विषय माझ्या पीएच.डी.चा नाही. माझं काम स्टार्चच्या पातळ फिल्मवर चालतं, दिवस बीकर, ओव्हन आणि वजनकाटा यांच्यात जातो. पण कोर्सवर्कमध्ये प्रत्येकाला आपल्या विषयाबाहेरचा एक सेमिनार द्यायचा होता आणि मी डोमिनिकन रिपब्लिकच्या कार्निवलमधले मुखवटे निवडले. कारण अगदी साधं होतं. हे मुखवटे परंपरेने कागद आणि खळ यांचे बनतात, आणि खळ म्हणजे स्टार्च. म्हटलं, आपल्याच वाटेवरचं आहे, दोन दिवसांत उरकेल.

दुसऱ्याच स्लाइडवर मी लिहिलं होतं : 'ला वेगा – अमेरिका खंडातला सर्वांत जुना कार्निवल, इ.स. १५२०.' बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला थांबवलं. "हे १५२० कुठून आणलंत?" मी तीन वेबसाइट सांगितल्या. "आणि त्यांनी कुठून आणलं?" पहिलीने दुसरीवरून उचललं होतं, दुसरीने तिसरीवरून, आणि तिसरीवर संदर्भ म्हणून काहीच नव्हतं. माझ्या अजून बावीस स्लाइड शिल्लक होत्या, पण खोलीतल्या कुणाचाही त्यांच्यावर विश्वास राहिला नव्हता. माझाही नाही.

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधताहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्या सेमिनारनंतर मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात मला मुखवट्यांबद्दल जे कळलं ते सांगतेच. पण प्रश्न कसा विचारायचा याबद्दल जे कळलं, ते माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत जास्त उपयोगी पडलं.

शोधायला बसलात तर पहिली अडचण शब्दाची येते. 'डोमिनिकन' टाकलं की तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात : डोमिनिकन रिपब्लिक हा देश, कॅरिबियन समुद्रातलाच डोमिनिका नावाचा दुसरा छोटा देश, आणि तेराव्या शतकात सुरू झालेला डोमिनिकन नावाचा ख्रिस्ती साधूंचा संघ. डोमिनिकाचाही स्वतःचा कार्निवल आहे, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये एक फोटो चक्क तिथलाच लावला होता. उपाय सोपा आहे, तिथल्या भाषेतला शब्द वापरायचा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये स्पॅनिश बोलतात आणि तिथे कार्निवलच्या मुखवट्याला 'कारेता' म्हणतात, तो बनवणाऱ्याला 'कारेतेरो'. हे दोन शब्द टाकल्यावर पर्यटन कंपन्यांची पानं मागे पडली आणि कामाचं साहित्य वर आलं.

आपला देश तो पहिला. हिस्पानिओला बेटाचा पूर्वेकडचा सुमारे दोनतृतीयांश भाग डोमिनिकन रिपब्लिकचा, उरलेला हैतीचा. हैती लक्षात ठेवा, त्याच्याशिवाय या कार्निवलचं कॅलेंडर कळत नाही.

तीन कॅलेंडरं

कार्निवल मुळात कॅथलिक पंचांगातला सण. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचा काळ असतो, त्याला लेंट म्हणतात. तो सुरू होण्याआधी खाऊन, पिऊन, नाचून, थट्टा करून घ्यायची. स्पॅनिश लोकांनी तो हिस्पानिओलावर नेला, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. म्हणजे पणजीचा कार्निवल आणि सान्तो दोमिंगोचा कार्निवल यांचं नातं खरं आहे, दोघांचा पूर्वज आयबेरियन द्वीपकल्पातला. पण गोव्यातला सण आजही लेंटच्या आधीच्या दिवसांना चिकटून आहे. डोमिनिकन लोकांनी मात्र आपला सण तिथून हलवला.

तो का हलला, ते बघा. १८२२ ते १८४४ हे संपूर्ण बेट हैतीच्या सत्तेखाली होतं. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी पूर्व भाग स्वतंत्र झाला. ही तारीख कार्निवलच्या मोसमातच पडते, आणि हळूहळू कार्निवल स्वातंत्र्यदिनाला जोडला गेला. लेंट सुरू झाला की थांबायचं, हा नियमच तिथे सैल पडला. आज संपूर्ण फेब्रुवारी कार्निवलचा असतो, आणि राजधानीतली राष्ट्रीय मिरवणूक बहुतेक वेळा मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे पुष्कळदा लेंट लागल्यानंतर निघते. त्यानंतर १८६१ मध्ये देश पुन्हा स्पेनला जोडला गेला, १६ ऑगस्ट १८६३ रोजी त्याविरुद्ध लढा सुरू झाला, आणि काही गावांनी ऑगस्टमध्येही मुखवटे बाहेर काढायला सुरुवात केली.

तिसरं कॅलेंडर तर या सगळ्याच्या उलट. देशाच्या नैर्ऋत्येला बाराओना प्रांतात काब्राल नावाचं गाव आहे. तिथले मुखवटेधारी 'काचुआ' फेब्रुवारीत नव्हे, तर पवित्र आठवड्याच्या शेवटी, ईस्टरच्या सुमारास बाहेर पडतात. म्हणजे ज्या दिवसांत चर्च शांतता पाळायला सांगतं, नेमके ते.

आता माझी पहिली चूक तुमच्या लक्षात येईल. मी सिनॉप्सिससारखं सुरुवातीलाच लिहून टाकलं होतं, 'कार्निवल म्हणजे लेंटपूर्वीचा उत्सव.' ही व्याख्या घेऊन गेले असते तर काब्राल माझ्या अभ्यासाच्या बाहेर राहिलं असतं आणि ते बाहेर राहिलंय हे मला कळलंही नसतं. मित्रांनो, व्याख्या पुस्तकातून उचलताना ती कोणाला वगळते ते एकदा तपासून बघा.

१५२० चं काय करायचं?

ला वेगाचा दावा अगदी हवेतला आहे असं मला म्हणायचं नाही. कोन्सेप्सिओन दे ला वेगा ही कोलंबसच्या काळातली वसाहत. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोक लेंटआधी वेश धारण करून खेळ करत असतील, हे पूर्णपणे शक्य आहे. पण २ डिसेंबर १५६२ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालं आणि नवं शहर कामू नदीच्या काठी वेगळ्या जागी वसलं. आजचा ला वेगा कार्निवल त्या नव्या शहरात होतो.

म्हणजे 'सर्वांत जुना' म्हणणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. एक, जुन्या गावात असं काही होत होतं. दोन, तिथून इथपर्यंत ते अखंड चालत आलं. पहिल्या गोष्टीसाठी एखादा कागद पुरेल. दुसरीसाठी चारशेहून जास्त वर्षांचे कागद लागतील. वेबसाइटवर पहिली गोष्ट सांगून दुसरी गृहीत धरलेली असते. आपणही लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हेच करतो, 'प्राचीन काळापासून' असं एक वाक्य टाकून पुढे सरकतो. माझ्या स्लाइडवर आज इतकंच आहे : 'ला वेगा – देशातला सर्वांत गाजलेला कार्निवल.' एवढं मी कुणाहीसमोर सांगू शकते.

लंगडा सैतान आणि डुकराचं तोंड

आता मुख्य पात्राकडे येऊ. ला वेगाचं पात्र म्हणजे 'दियाब्लो कोहुएलो', लंगडा सैतान. लोककथा अशी की हा सैतान इतका खोडकर होता की त्याला वरून खाली पृथ्वीवर ढकलून दिलं, पडताना पाय दुखावला आणि तेव्हापासून तो लंगडतो. १६४१ मध्ये लुईस वेलेस दे गेवारा या स्पॅनिश लेखकाची याच नावाची कादंबरी आली. तिच्यात बाटलीत कोंडलेल्या या सैतानाला एक विद्यार्थी सोडवतो आणि बदल्यात सैतान त्याला माद्रिदच्या घरांची छपरं उचलून आत काय चाललंय ते दाखवतो. (विद्यार्थ्याने सोडवलं हे मला फार आवडलं.) म्हणून लगेच 'मुखवटा कादंबरीतून आला' असं लिहू नका. कादंबरीच्या आधीही हा लंगडा सैतान स्पॅनिश लोकांच्या बोलण्यात होता. दोन गोष्टींचं नाव एक असलं, तर एकीतून दुसरी निघाली असेल किंवा दोन्ही तिसरीतून निघाल्या असतील. नुसत्या नावावरून यातलं काय खरं ते ठरत नाही.

फेब्रुवारीच्या रविवारी दुपारी हे सैतान रस्त्यावर येतात. मोठमोठी शिंगं, बाहेर आलेले डोळे, दातांच्या रांगा, अंगात सॅटीनचा वेश, त्यावर आरसे, मणी, घुंगरं. हातात 'वेहिगा', म्हणजे मूळची जनावराच्या मूत्राशयाची फुगवून, वाळवून टणक केलेली पिशवी. आता रबरी किंवा कृत्रिमही असते. ती बघ्यांच्या पार्श्वभागावर फाडकन बसते आणि चांगली लागते. पण यालाही रीत आहे. फुटपाथवर उभे राहाल तर सहसा वाचाल, रस्त्यात उतरलात तर मार खायला तयार राहा. रस्त्याची कड हीच तिथली सीमा.

ला वेगापासून फार लांब नसलेलं, सिबाओ प्रदेशातलं मोठं शहर म्हणजे सान्तियागो. इथल्या पात्राचं नाव 'लेचोन', म्हणजे डुकराचं पिल्लू. मुखवट्याला पुढे आलेलं लांब तोंड, काहींना ते बदकाच्या चोचीसारखं दिसतं, वर दोन शिंगं. सान्तियागोत दोन जुन्या वस्त्यांची चुरस प्रसिद्ध आहे, ला होया आणि लोस पेपिनेस. दोन्हीकडे लेचोनच, दोन्हीकडे सॅटीन, दोन्हीकडे चाबूक. फरक शिंगांत. ला होयाच्या मुखवट्यांच्या शिंगांवर बारीक बारीक काटे लावलेले असतात, अगदी टोकापर्यंत. लोस पेपिनेसची शिंगं गुळगुळीत. लांबून शिंग दिसलं की माणूस कुठल्या वस्तीतला ते कळतं.

सेमिनारमध्ये मी इथे काय बोलले असेन? 'मुखवटे दुष्ट शक्तींना घाबरवण्यासाठी असतात.' आणि 'त्यात आफ्रिकन आणि स्पॅनिश परंपरांचा संगम आहे.' दोन्ही वाक्यं ऐकायला छान आहेत. पण शिंगांवर काटे का, याचं उत्तर त्यांतून मिळत नाही. कारण दुष्ट शक्ती दोन्ही वस्त्यांना सारख्याच. स्पेन दोघांचा, आफ्रिका दोघांची. जे दोन्हीकडे सारखं आहे ते दोघांमधल्या फरकाचं कारण कसं असेल? प्रयोगशाळेत ही गोष्ट आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. दोन नमुन्यांना एकच तापमान दिलं असेल तर त्यांच्यातला फरक तापमानामुळे आला असं कुणी लिहीत नाही. संस्कृतीबद्दल लिहायला बसलं की मात्र आपण बिनधास्त लिहितो. मीही लिहिलं होतं.

मग काट्यांचं काय? जीवशास्त्रवाल्यांना एक कल्पना माहीत असेल, कॅरॅक्टर डिस्प्लेसमेंट. दोन जवळच्या जाती एकाच जागी राहायला लागल्या की त्यांच्यातला एखादा गुणधर्म एकमेकांपासून दूर सरकत जातो. गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींचं उदाहरण पुस्तकात असतं. वस्त्या म्हणजे पक्षी नव्हेत, माणूस काटे ठरवून लावतो, हे मान्यच. पण या कल्पनेतून तपासता येईल असं काहीतरी निघतं. फरक जर चुरशीमुळे असेल, तर चुरस तीव्र असताना तो वाढला पाहिजे आणि ती ओसरल्यावर पुसट झाला पाहिजे. दोन्ही वस्त्यांचे तारीख माहीत असलेले जुने फोटो ओळीने लावले तर हे दिसेल किंवा दिसणार नाही. 'दिसणार नाही' हीसुद्धा शक्यता असलेला प्रश्न हाती आला, की तुमचा सिनॉप्सिस सुरू झाला असं समजा.

कागद, खळ आणि काय टिकतं

हा माझ्या प्रांतातला भाग, थोडा वेळ घेते.

जुनी पद्धत अशी : मातीचा साचा करायचा, त्यावर कागदाचे तुकडे खळीत भिजवून थरावर थर चिकटवायचे, उन्हात वाळवायचं, साच्यापासून सोडवायचं. शिंगं वेगळी करून जोडायची, मग रंग. या बेटावर स्टार्चचा जुना स्रोत म्हणजे युका, ज्याला इंग्रजीत कसावा म्हणतात. हा तोच कंद, ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो. साबुदाणा शिजताना पारदर्शक आणि चिकट होतो ना, तेच खळीत होतं. पाणी साठ ते सत्तर अंशांपर्यंत तापलं की स्टार्चचे कण फुगतात, आतल्या साखळ्या बाहेर येतात आणि दाट पेस्ट बनते. वाळताना पाणी निघून जातं, आणि स्टार्चच्या साखळ्या व कागदातलं सेल्युलोज यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. म्हणून एकेक थर फडफडणारा कागद असूनही वाळलेला मुखवटा लाकडासारखा वाजतो.

अडचण वाळवण्यात आहे. बाहेरचा थर आधी वाळतो आणि आकसतो, आतला ओलाच असतो, त्यामुळे तोंड वाकडं होतं. म्हणून एका वेळी थोडेच थर. मी लॅबमध्ये वर्तमानपत्र आणि साबुदाण्याची खळ घेऊन एक शिंग करून पाहिलं. एका दिवसात दहा थर चढवले, चौथ्या दिवशी ते आल्याच्या तुकड्यासारखं दिसत होतं. कारेतेरोच्या हातातला संयम किती, ते मला त्या शिंगावरून कळलं.

याच पदार्थाचा दुसरा गुण संशोधकाला जास्त त्रास देतो. स्टार्च म्हणजे कीटकांचं आणि बुरशीचं अन्न. मुखवट्याच्या आत घाम, बाहेर कॅरिबियन हवा. म्हणजे कागदाचा जुना मुखवटा मुद्दाम कुणी जपला तरच टिकतो. कुणाचा जपला जातो? जो सुंदर वाटला, ज्याला बक्षीस मिळालं, जो एखाद्या संग्राहकाच्या नजरेस पडला. सान्तियागोत तोमास मोरेल यांनी उभारलेलं लोककला संग्रहालय आहे, तिथे कार्निवलचे जुने मुखवटे आहेत, आणि त्यांचे आभारच मानायला हवेत. पण संग्रहालयातले मुखवटे म्हणजे सगळे मुखवटे नव्हेत. त्यावरून 'पूर्वी मुखवटे असे असत' असं लिहिणं म्हणजे फक्त पास झालेल्यांच्या मुलाखती घेऊन परीक्षा सोपी होती असं ठरवणं.

आता ला वेगात फायबरग्लास आणि रेझिन आलंय. ते पाणी पीत नाही, वाकत नाही, पातळ कडाही टिकतात. त्यामुळे जबडा जास्त उघडता येतो, दातांच्या रांगा वाढवता येतात. एकेकाळी जनावरांचे खरे दात बसवत, आता ॲक्रिलिकचे. लोक हळहळतात की 'अस्सल' कागद गेला. हळहळ समजते, पण संशोधक म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. ला वेगात मुखवटेधारी गटागटांनी येतात आणि एका गटाचे वेश सारखे असतात. पक्का साचा आणि रेझिन हाताशी असलं की एकसारखे वीस मुखवटे काढणं सोपं. मग गट मोठे आणि एकसाची झाले ते पदार्थ बदलला म्हणून, की गट आधी मोठे झाले आणि त्यांना नवा पदार्थ लागला? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण तो फक्त कल आहे. यासाठी लॅब पुरणार नाही, कारेतेरोंच्या जुन्या वह्या आणि बिलं बघावी लागतील.

महाग सॅटीन आणि रेझिन यांच्या अगदी उलट टोकाला कोतुई हे गाव. तिथले 'पापेलुस' अंगभर कागदाच्या झिरमिळ्या लावतात आणि 'प्लातानुस' केळीच्या जातीतल्या झाडाची वाळलेली पानं. चालताना अख्खा माणूस सळसळतो. मला स्वतःला ला वेगाच्या झगमगाटापेक्षा हेच जास्त आवडतं. अर्थात माझी आवड म्हणजे निष्कर्ष नव्हे.

उलटं जग, पण कुणासाठी?

कार्निवलवर वाचायला लागलात की दुसऱ्या पानावर मिखाईल बाख्तिन भेटतात. राब्लेवरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. थोडक्यात म्हणणं असं, की कार्निवलमध्ये जग उलटं होतं, राजा खाली येतो, विदूषक वर जातो, आणि लोकांना काही दिवस सत्तेच्या भीतीतून मोकळं होता येतं. डोमिनिकन कार्निवलमध्ये याला शोभणारी पात्रं खूप आहेत. 'रोबा ला गायिना', म्हणजे कोंबडीचोर, हा बाईच्या वेशातला पुरुष, छाती आणि ढुंगण उशा भरून फुगवलेलं, हातात छत्री, दुकानादुकानांतून काही ना काही मागत फिरतो आणि मागे पोरांचं लटांबर. 'कालिफे' काळा कोट आणि उंच टोपी घालून पुढाऱ्यांची यमकांत टर उडवतो. सिद्धांत अगदी फिट बसला म्हणून मी खूश झाले होते.

मग त्रुहियोचा काळ वाचला. राफाएल त्रुहियो हा हुकूमशहा १९३० पासून १९६१ मध्ये त्याची हत्या होईपर्यंत सत्तेवर होता. राजधानीचं नाव बदलून त्याने स्वतःचं ठेवलं होतं. १९३७ च्या कार्निवलची राणी होती लिना लोवातोन, चांगल्या घराण्यातली तरुण मुलगी, आणि त्रुहियो तिच्यावर फिदा होता. तो सगळा सोहळा त्याच्या वैभवाचं प्रदर्शन झाला. इथे कुठलाही राजा खाली आला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच त्रुहियोच्या हुकमाने हैतीच्या सीमेलगत हैतीयन आणि हैतीयन वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली.

मग बाख्तिन चूक का? तसं नाही. पण 'कार्निवल सत्तेला आव्हान देतो' आणि 'कार्निवल सत्तेला बळ देतो' ही दोन्ही वाक्यं एकाच सिद्धांतातून सहज निघायला लागली, तर तो सिद्धांत आपल्याला काहीच सांगत नाहीये. विचारायचं ते हे, की कोणता कार्निवल, कुणाच्या पैशाने, कोणत्या रस्त्यावर? क्लबच्या दालनातली राणी आणि रस्त्यावरचा कोंबडीचोर हे एकाच महिन्यात, एकाच शहरात असू शकतात. लॉरेन डर्बी यांचं त्रुहियो काळावरचं २००९ चं पुस्तक 'द डिक्टेटर्स सिडक्शन' मिळालं तर जरूर वाचा. लोकप्रिय करमणूक आणि दहशत एकत्र कशी नांदते, हे त्यात बारकाईने दाखवलंय.

काळा रंग

आता हैतीकडे परत. देशाचा स्वातंत्र्यदिन हैतीपासून वेगळं झाल्याचा दिवस. त्यामुळे 'आपण म्हणजे हैती नव्हे' हे डोमिनिकन राष्ट्राच्या पायातच घातलं गेलं, आणि त्याला जोडून 'आपण काळे नव्हे' हेही. सावळ्या, गव्हाळ माणसाच्या ओळखपत्रावर कितीतरी वर्षं 'इंडिओ' असा वर्ण लिहिला जाई, जरी बेटावरच्या मूळ ताइनो समाजाची वसाहतीच्या पहिल्या काही दशकांतच वाताहत झाली होती.

हे लक्षात ठेवून राजधानीतल्या मिरवणुकीकडे पाहा. तिथे 'तिस्नाओ' नावाची पात्रं येतात. अंगाला कोळसा आणि काळं तेल फासलेलं, आणि पैसे दिले नाहीत तर ते तुम्हालाही फासायची धमकी. ज्यांच्या वंशात आफ्रिका आहेच, अशी माणसं स्वतःला काळं रंगवून 'आफ्रिकन' होतात आणि लोक हसतात. ही स्वतःची थट्टा, शेजाऱ्याची थट्टा, की जे एरवी बोलता येत नाही ते रंगाआडून बोलणं? मला वाटतं, एकाच गटातली दोन माणसं याची वेगवेगळी उत्तरं देतील. म्हणून इथे प्रश्नावली वाटू नका, निदान सुरुवातीला तरी. 'तुम्ही काळा रंग का लावता' या प्रश्नाला पर्यटकाला द्यायचं एक तयार उत्तर असतं, आणि तुमच्या फॉर्मवर तेच येईल.

'गुलोया' ही याचीच दुसरी बाजू. इंग्रजांच्या ताब्यातल्या छोट्या कॅरिबियन बेटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजूर इथल्या उसाच्या मळ्यांत आले. स्थानिक लोक त्यांना हिणवून 'कोकोलो' म्हणत. सान पेद्रो दे माकोरिस शहरात त्यांनी आपली नृत्यनाट्यं चालू ठेवली. ढोल, बासरी, आरशांनी आणि मण्यांनी भरलेले अंगरखे, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, आणि विषय डेव्हिड आणि गोलायथसारखे बायबलमधले. 'गुलोया' हा शब्द गोलायथवरूनच आला असं मानतात. २००५ मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून घोषणा केली, ती कोकोलो याच नावाने. जो शब्द शिवी होता तोच सन्मानपत्रावर चढला. काल आलेल्या मजुरांचा वेश आज 'डोमिनिकन' म्हणून मिरवणुकीत पुढे असतो. 'अस्सल परंपरा कोणती' हा प्रश्न कुणी माझ्यासमोर टाकला की मी आता गुलोयांचं उदाहरण देते.

सेमिनार मला दुसऱ्यांदा द्यायची परवानगी मिळाली. या वेळी सात स्लाइड. पहिल्या स्लाइडवर शेजारी शेजारी दोन शिंगं, एक काट्यांचं, एक गुळगुळीत. त्याच बाई बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, काब्रालवर एकच ओळ का? मी म्हटलं, ते माझ्या प्रश्नात बसत नाही, तिथे शिंगांची चुरस नाही. त्या म्हणाल्या, मग तिथे काय आहे ते सांगा.

तिथे असं आहे : काचुआ चाबूक घेऊन फिरतात, तोंडावर शिंगांचा मुखवटा, त्याला रंगीत क्रेप कागदाच्या पट्ट्यांची आयाळ. ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळे गावाच्या स्मशानभूमीत जातात. यहूदाचा पुतळा जाळतात. आणि जे काचुआ मरून गेले, त्यांच्या कबरींवर जिवंत काचुआ चाबूक ओढतात, फटाफट, वर्षभराचा आवाज त्यांना ऐकू जावा असा.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी इथून सुरुवात करा."